परागंदा : एका शेऱ्याचा शोध

आमच्या घरच्या वंशावळीत एका नावापुढे 'परागंदा' असा शेरा आहे. वंशावळ आजोबांच्या चुलतभावाने लिहिली. ते शाळामास्तर होते आणि घरात शाई-दौत असणारे पहिले. पूर्ण आकाराच्या ड्रॉइंग पेपरवर त्यांनी झाड काढलं आहे, अगदी मुळं-पारंब्यांसकट. तळाशी मूळ पुरुष, त्याला तीन मुलगे. थोरल्याच्या फांदीवर आम्ही. धाकट्यापुढे 'निपुत्रिक'. मधल्यापुढे 'परागंदा', आणि तिथे फांदी मोडल्यासारखी संपते.

लहानपणी मला हे त्याचं आडनाव वाटायचं. पुढे कळलं की शब्द फारसी, अर्थ पांगलेला, विखुरलेला. वसुलीच्या कागदांत हा शब्द वारंवार येतो. गाव सोडून गेलेलं कूळ परागंदा, कारण त्याच्याकडून आता धारा येणार नाही. म्हणजे माणूस कुठे गेला याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. तो इथे नाही, एवढंच सांगायचं आहे. मास्तर आजोबांनी तो वापरला तेव्हा त्यांना तरी जास्त काय माहीत होतं कोण जाणे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. चिपळुणात एका पतपेढीत हिशेब लिहितो. पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला, आणि तेव्हापासून जी सवय लागली ती सुटलेली नाही. आम्ही कुणबी, मूळ गाव चिपळूण तालुक्यातलं शिरगाव. ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तांत असतात त्यांच्यापैकी आम्ही नव्हे. कुलवृत्तांत हा मराठीतला मोठा ठेवा आहे हे मान्य करूनही एक सांगायला हवं: ते लिहिले गेले ते ज्यांच्या घरात लिहिणारे होते त्यांचे. खोतीच्या गावातल्या कुळाचं नाव कागदावर येई ते देणेकरी म्हणून. अर्धेल, तिर्धेल, बाकी, तगादा. १९४९ मध्ये कायद्याने खोती गेली, तोवर आमच्या घरातले बहुतेक कागद हे कुणीतरी आमच्याविषयी लिहिलेले होते. आमच्या माणसाने त्यावर केली ती फक्त नांगराची निशाणी.

हे कागद माळ्यावर एका रुमालात बांधलेले असत. 'रुमाल' म्हणजे खिशातला नव्हे, दप्तर बांधायचा. मागे घर बदललं तेव्हा मी तो चिपळुणातल्या तळमजल्याच्या खोलीत आणून ठेवला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. बाकीची हकीकत चिपळूणकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून समजणार नाही. तिसऱ्या दिवशी चिखलातून रुमाल काढला. गंमत अशी की जुन्या काजळीच्या शाईचे कागद बरेचसे वाचले. गेली ती वडिलांच्या काळातली निळ्या शाईची पानं. जे सुटे झाले ते दोरीवर वाळवले. चाळीसेक कागदांचा एक गठ्ठा मात्र विटेसारखा चिकटला होता. तो सोडवायला गेलो तर फाटेल या भीतीने तसाच सावलीत वाळवून, पिशवीत घालून कपाटात ठेवला. ही पिशवी पुढे महत्त्वाची आहे.

वाचलेले कागद मी फोनवर टिपून संगणकात घातले आणि मोडी वाचणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात अडलेले शब्द विचारू लागलो. गटात आम्ही साठ-सत्तर जण आहोत. कुणी वकील, कुणी गृहिणी, एक रिक्षावाले, मालवणकडचे एक निवृत्त शिक्षक ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. समोरासमोर आम्ही क्वचितच भेटतो. रात्री अकराला एखादा शब्द टाकावा आणि सकाळी सहाला तीन वाचनं आलेली असावीत, त्यांतली दोन एकमेकांशी भांडणारी. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा ते गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत होते. आज अर्ध्याहून अधिक शोध खुर्चीत बसून होतो. जुनं गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर आहे, मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, काही जिल्ह्यांचे जुने सातबारे 'आपले अभिलेख'वर दिसतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या कितीतरी वह्या युटामधल्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर घेतल्या, त्या आता फॅमिलीसर्चवर पाहायला मिळतात. (आमचा तिथे उपयोग नाही. त्र्यंबकेश्वरी मी उपाध्यांकडे जाऊन आमच्या गावाची वही काढवली, तर आमच्या घरातलं पहिलं नाव १९२७ चं निघालं. त्याआधी त्र्यंबकला जाण्याएवढे पैसे कुणाकडे असणार?)

याच गटातल्या कुणीतरी माझा पत्ता मॉरिशसच्या एका बाईंना दिला. २०२२ च्या सुरुवातीला त्यांचा ईमेल आला. वाकोआला राहतात, शाळेत शिकवतात. इंग्रजी मजकूर, मध्येच फ्रेंच शब्द, आणि शेवटी देवनागरीत, जपून लिहिलेलं एक वाक्य: 'दादा, माझ्या बाबांना त्यांचे गाव पाहिजे.'

मॉरिशसच्या मराठी माणसांविषयी आपल्याकडे उत्सवी बातम्या येतात. शिवाजी महाराजांचा पुतळा, गणपती, महाराष्ट्र भवन. ते लोक तिथे गेले कसे, हे थोडक्यात सांगतो. १८३५ मध्ये बेटावर गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते आणि ते करारावर हिंदुस्थानातून नेण्याची पद्धत त्याआधीच सुरू झाली होती. 'ॲटलस' जहाज २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुईला लागलं तो दिवस तिथे आजही पाळतात. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ. ज्या धक्क्यावर त्यांना उतरवत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे. जो माणूस गावी राहिला त्याच्याविषयी कागद काही सांगत नाही. जो परागंदा झाला त्याची बारीकसारीक नोंद झाली. करारी मजुराला क्रमांक मिळे. नोंदवहीत त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला ते. पुढे लग्न, नवा करार, मृत्यू यांच्या नोंदी त्याच ओळीला चिकटत जात. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून छायाचित्रंही काढू लागले. हे दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे आणि वंशजांना त्यातला उतारा मिळतो. अर्थात मायेने कुणी हे लिहिलं नव्हतं. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून खूण आणि उंची.

एका बाबतीत मात्र त्या वहीने मला लाजवलं. बाईंनी पाठवलेल्या कागदांत त्यांच्या पणजोबांच्या आईचाही उतारा होता. तिचा स्वतःचा क्रमांक, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव, तिची उंची. आमच्या ड्रॉइंग पेपरवरच्या झाडात सहा पिढ्यांची एकोणसत्तर नावं आहेत आणि त्यांत एकही बाई नाही. माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही. तिची उंची तर सोडाच.

बाईंचा मूळ पुरुष १८५८ मध्ये मुंबईहून आलेल्या जहाजातून उतरला. वंशज हयात आहेत म्हणून त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि तिकडे तर त्याचं नाव हेच कुटुंबाचं आडनाव झालं आहे, इतर कितीतरी घरांचं झालं तसं. उताऱ्यात जिल्हा रत्नागिरी, गावाचं स्पेलिंग मराठीत वाचलं तर 'सिरगौम'. म्हणजे शिरगाव. परगण्याच्या रकान्यावर डाग पडलेला. आणि नाव, बापाचं नाव? दोन्ही आमच्या झाडावरच्या मोडक्या फांदीशी जुळत होती. मधला मुलगा आणि मूळ पुरुष.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

मी अगदीच भाबडेपणाने उडी मारली असं नाही. तपासलं. रत्नागिरी जिल्ह्याच्या सरकारी गावयादीत शिरगावं शोधली. एक आमचं, एक रत्नागिरी शहराजवळचं. परगण्याच्या रकान्याचा फोटो मोठा करून पाहिला. पहिलं अक्षर 'जी', पुढे कुठेतरी 'एच'चा उंच दांडा, मग डाग, मग 'आर', आणि शेवटी एक शेपूट. गुहागर! गुहागर आमच्या बाजूचं, चिपळूणला लागून; रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या माणसाने गुहागर कशाला सांगितलं असतं? जातीच्या रकान्यात 'मराठा' होतं आणि आम्ही कुणबी, पण त्या काळचा कारकून घाईत काय लिहील याला धरबंध नाही, असं मी स्वतःला समजावलं. हे समजावणं खोटं नव्हतं. त्या रकान्यात खरोखरच असा सैलपणा आढळतो. फक्त मी तो मला हवा तिथेच लावला.

आणखी एक गोष्ट होती. बाईंनी सहज लिहिलं होतं की त्यांच्या आजीच्या क्रिओलमध्ये काही मराठी शब्द होते, ती नातींना 'चेडू' म्हणायची, हा शब्द तुमच्याकडे आहे का? आमच्या घरात मी तो कधी ऐकला नव्हता. मी उत्तर लिहिलं, कोकणातला शब्द आहे. आणि पुढे गेलो.

गणपतीच्या आधी मी कळवलं: गाव सापडलं, आणि तुम्ही आमच्याच घरातल्या. उत्तरात आठ-दहा जणांचा फोटो आला, मध्ये खुर्चीवर बसलेले त्यांचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे, गुडघ्यावर शाल. त्यांचे कान माझ्या वडिलांसारखे आहेत असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. मी शिरगावला जाऊन ग्रामदेवतेच्या देवळाचे, आमच्या पडक्या जोत्याचे, वाडीच्या पायवाटेचे फोटो काढले. देवीचा अंगारा पुडीत बांधून टपालाने पाठवला. तो तिथे पोचला, देव्हाऱ्यात ठेवला गेला. बाई मला आता भाऊ म्हणू लागल्या. २०२३ च्या सुरुवातीला त्यांचे वडील गेले. शेवटच्या आठवड्यात ते कपाळाला तो अंगारा लावून घेत, असं त्यांनी लिहिलं.

त्याच वर्षी शरदात महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम चालू झालं आणि ज्या मोडीला कुणी विचारत नव्हतं तिच्या वाचकांना अचानक भाव आला. जन्ममृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना नंबर चौदा, कोतवाल बुक, पाहणीपत्रकं, क-पत्रकं. मीही सुट्टीच्या दिवशी लोकांचे कागद वाचून देत असे. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली. माणूस समोर बसलेला असतो, त्याच्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी त्या एका अक्षरावर अडलेली असते, आणि तो विचारतो, "हे 'कु'च आहे ना, साहेब?" अशा वेळी पानावर दिसतं तेवढंच बोलायचं, हा नियम मी पाळला. दोघातिघांनी शिव्याही दिल्या. मला स्वतःविषयी बरं वाटत होतं.

मग मार्च २०२४. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना तिथे जाहीर झालं की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड मिळू शकेल. आठवड्याभरात बाईंचा ईमेल. भाऊ, मुलांसाठी अर्ज करायचा आहे. उतारा आहेच, पण त्याबरोबर तुमचं एक सहीचं पत्र जोडू का, की मूळ पुरुष अमुक गावचा, अमुक घराण्यातला?

पत्र लिहायला बसलो. एका पानाचं काम. 'मी असे प्रमाणित करतो की' एवढं लिहिलं आणि थांबलो. पतपेढीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सही म्हणजे काय ते ठाऊक असतं. कुटुंबात सांगितलेली गोष्ट वेगळी, आणि व्हाउचर जोडून दाखवायची गोष्ट वेगळी. मी व्हाउचर शोधू लागलो. सापडलं ते एवढंच: एक सर्रास नाव, बापाचं तितकंच सर्रास नाव, आणि डागाखालचं गुहागर. आमच्या एका वाडीत त्या काळी त्या नावाचे तिघे होते, हे माझ्याच टिपणवहीत लिहिलेलं होतं.

डागाचा फोटो गटावर टाकला. सोबत काहीच सांगितलं नाही, फक्त 'परगणा वाचा'. दोघांनी गुहागर वाचलं. सकाळी गुरुजींचा आवाजी निरोप होता. "भाऊ, ह्या गुहागर न्हय. घेरिया आसा."

घेरिया! विजयदुर्गाला इंग्रज घेरिया म्हणत, शेजारच्या गिर्ये गावावरून. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्याकडून तो घेतला तेव्हाच्या त्यांच्या कागदांत हेच नाव आहे, आणि रत्नागिरीच्या १८८० च्या गॅझेटियरमध्येही ते भेटतं. गॅझेटियर माझ्या संगणकात होतं. मी पुन्हा रकाना मोठा केला. सगळा प्रश्न 'एच' दुसरं अक्षर की तिसरं, एवढाच. दुसरं. आणि 'आर'नंतरचं ते शेपूट म्हणजे कारकुनाची लकब नव्हती, ती अक्षरं होती. एकदा घेरिया दिसल्यावर गुहागर दिसेना. दोन वर्षं मला तिथे गुहागर कसं दिसलं, हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही.

गुरुजींनी पुढचंही सांगितलं. शिरगाव देवगड तालुक्यातही आहे, नांदगावहून देवगडला जाणाऱ्या रस्त्यावर. मग माझ्या यादीत ते का नव्हतं? कारण मी यादी आजच्या रत्नागिरी जिल्ह्याची घेतली होती. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १८५८ च्या कारकुनाचा रत्नागिरी जिल्हा पार मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. १९८१ साली मी शाळेत होतो, नवा नकाशा रंगवल्याचं आठवतं. माहीत असणं आणि वेळेला आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि 'चेडू'? गुरुजी हसले. म्हणाले, हा शब्द आधी मला का नाही विचारलात?

तरीही मी मनातून हार मानली नव्हती. घेरिया जवळचं मोठं बंदर म्हणून कुणी लिहिलं असेल, मूळ माणूस आमचाच असेल. शेवटचा दरवाजा म्हणून ती पिशवी काढली.

चिकटलेला गठ्ठा सोडवायचं तंत्र मला कोल्हापूरच्या एका जुन्या बुकबाइंडरने फोनवर शिकवलं. बंद डब्यात दमट टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर गठ्ठा. पाणी लावायचं नाही, ओल आपोआप शिरू द्यायची. मग बोथट पातीने कडेपासून. मे महिन्याचे तीन आठवडे लागले. रोज रात्री दोन-तीन कागद सुटायचे. बहुतेक खोताच्या पावत्या. अठ्ठाविसावा कागद कर्जरोखा होता. भाताच्या चार मणांचा व्यवहार, देणेकरी आमच्या झाडावरचा मधला, बापाच्या नावासकट, वाडीच्या नावासकट, खाली निशाणी नांगर. शंका घ्यायला जागा नाही. फक्त शकाचा शेवटचा आकडा पुराने नेला होता. शके १७८ आणि पुढे भोक.

शके १७८० असेल तर तो इसवी १८५८. त्याच साली जहाज. म्हणजे कर्ज काढून निघून गेला, गोष्ट जुळली. माझ्या मनाने ती त्या क्षणी जुळवलीही. पण जुन्या लिहिणाऱ्यांची एक चांगली रीत होती: शकाबरोबर संवत्सराचं नाव लिहायचं. भोकाच्या पलीकडे अक्षरं स्वच्छ होती. रक्ताक्षी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष. साठ नावांचं चक्र आहे, तेव्हा एका दशकात एक नाव एकदाच येणार. शकात बारा मिळवून साठाने भागायचं, बाकी उरेल तितकावा संवत्सर. रक्ताक्षी अठ्ठावन्नावा. १७८६ अधिक १२, १७९८. साठाने भागून बाकी अठ्ठावन्न. शके १७८६ चा मार्गशीर्ष म्हणजे १८६४ चा डिसेंबर.

१८६४ च्या डिसेंबरात आमचा मधला शिरगावात बसून भाताच्या रोख्यावर नांगर काढत होता. बाईंचा पुरुष सहा वर्षांपूर्वीच पोर्ट लुईला उतरलेला. करार संपल्यावर परत आला असेल का, हेही पाहिलं. परत येणारे होतेच. पण त्याच्या ओळीवर १८६३ मध्ये तिथे झालेलं लग्न आहे आणि १८६४ चा त्याच मळ्यावरचा नवा करार आहे. एक माणूस दोन ठिकाणी नांगर धरू शकत नाही.

पत्र मी लिहिलं, ते वेगळंच. सगळं क्रमाने सांगितलं: डाग, जिल्हा, शब्द, रोखा. माझं चुकलं असं लिहिलं, आणि अंगाऱ्याविषयी काय लिहावं ते न सुचल्यामुळे काहीच लिहिलं नाही. पत्नी म्हणाली, "त्यांचे वडील गेले, आता सांगून काय मिळवणार? राहू दे की आपल्यात." तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण त्यांच्या मुलांच्या अर्जात गाव कुठलं लिहिणार?

अकरा दिवस उत्तर नाही. मग आलं ते चार ओळींचं. घेरियाचा नकाशावरचा ठिकाणा पाठवा. देवगडला मुंबईहून कसं जायचं. बाबांना जे मिळालं ते मिळालं, ते मी परत घेत नाही. आणि खाली, 'भाऊ, तुम्ही बरोबर याल ना?'

या वर्षीच्या जानेवारीत त्या आल्या. गुरुजी कणकवलीला स्टेशनवर घ्यायला आले होते, डोक्याला मफलर, हातात गॅझेटियरच्या पानांच्या झेरॉक्स. शिरगावला देवळासमोर दहा-बारा माणसं जमली. गुरुजींनी मालवणीत सगळी हकीकत सांगितली. बाईंनी उतारा पुढे केला, तो हातोहात फिरला. पाळण्यातल्या नावापलीकडे त्यात काही नाही, आडनाव नाही. एका म्हाताऱ्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "खयच्या वाडयेतलो?"

वाडी उताऱ्यात नाही. परगण्यापर्यंत आणि गावापर्यंत सरकारला गरज होती, त्यापुढे नव्हती. त्या दुपारी आम्ही चार वाड्या फिरलो. दोन घरांत जुने कागद आहेत असं कळलं. एका घरचे गणपतीनंतर दाखवू म्हणाले. एका अंगणात बाईंनी फोनवर तिकडच्या गणपतीतली झाकरी दाखवली, बायका गोल धरून नाचताना. बघणाऱ्या पोरी म्हणाल्या, ही तर आपली जाखडी. गाण्याचे शब्द मात्र कुणाला ओळखता आले नाहीत.

निघताना बाईंनी माझ्या टिपणवहीत एक पान मागून घेतलं आणि त्यावर त्यांच्याकडच्या बायकांची नावं लिहून दिली, क्रमांकासकट, खापरपणजीपर्यंत. तुमच्याकडचीही पाठवा, म्हणाल्या. मी आत्तापर्यंत अकरा गोळा केली आहेत. पणजीचं नाव अजून नाही. तिच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल मागितली आहे.

ड्रॉइंग पेपरवर २०२२ मध्ये मी पेन्सिलीने मोडक्या फांदीपासून एक रेघ काढली होती, कागदाच्या कडेपर्यंत, आणि तिथे 'मॉरिशस' लिहिलं होतं. ती खोडली. कागद जुना, खुणा राहिल्याच. 'परागंदा' हा मास्तर आजोबांचा शेरा तसाच ठेवला आहे. त्याखाली लहान अक्षरांत लिहिलं: शके १७८६ मार्गशीर्षात गावात हजर.